भागीरथीचा हिरवा पट्टा

भागीरथी ही कोल्हापूर जिल्ह्यातली सर्वांत निरोगी व्हिडिओ गेम खेळाडू होती आणि ती म्हैस होती. यातली पहिली गोष्ट सरकारला माहीत होती. दुसरी कळायला दिवाळीचा पाडवा उजाडावा लागला.

कागदोपत्री तिचं नाव वैजयंता दिनकर पोवार, वय वर्षं चोवीस, असं होतं. खरी वैजयंता, म्हणजे वैजू, भिंतीच्या पलीकडे राहायची. अलीकडे हिंदुराव गवळ्यांचा गोठा, पलीकडे वैजूची खोली, मध्ये नऊ इंचांची वीट. सगळा कायदा त्या नऊ इंचांत मोडला होता.

कायद्याचं नाव ‘सुदृढ खेळ नियम’ आणि त्याच्या पट्ट्याचं नाव ‘सांभाळ’. मनगटावर बांधायचा, करड्या रंगाचा, बोलका. तो आला त्याला कारणंही तशीच होती. पोरं शाळा सोडून खेळत होती, थोरली माणसं जेवण सोडून खेळत होती, आणि एका मंत्र्यांचा मेव्हणा सलग एकसष्ट तास खेळून उठला तो घरच्या फ्रिजला ‘साहेब’ म्हणायला लागला. त्यानंतर आठ दिवसांत नियम आला. खेळायचं असेल तर पट्टा चोवीस तास अंगावर हवा. तो हिरवा असेल तरच खेळ उघडणार. खेळताना तांबडा झाला की खेळ जागच्या जागी बंद, अठ्ठेचाळीस तास. महिन्यात तीनदा तांबडा झाला की नव्वद दिवस बंद, आणि दारात काळजी पथक.

पट्ट्यामागचं शास्त्र खोटं नव्हतं. आपल्याला वाटतं, निरोगी हृदय घड्याळासारखं एका मापात टिकटिकतं. तसं नसतं. निवांत माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं कमीजास्त होत राहतं. श्वास आत घेतला की ठोके किंचित जवळ येतात, सोडला की लांबतात; फरक सेकंदाच्या काही हजाराव्या भागांचा. ताण आला की ही लवचीक लय जाते आणि हृदय कवायतीला उभं राहतं. पट्ट्याखालचा बारीक दिवा कातडीआडचं रक्त बघून हे अंतर मोजायचा. दुसरं माप घामाचं. मन कासावीस झालं की कातडीवर न दिसणारा घाम येतो आणि तिच्यातून वीज थोडी सहज वाहते. लाखभर खेळाडूंवर हे तपासून यंत्राला शहाणं केलं होतं. माणूस आतून हललाय, हे ते अचूक सांगायचं. कशानं हललाय, हे मात्र त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. खेळताना हललास ना? मग खेळानंच हललास. सरकारी यंत्राला एवढा तर्क पुरतो.

वैजूचा खेळ होता ‘घाटउतार’. पाच जणांनी मिळून एक दहाचाकी ट्रक घाटातून खाली आणायचा. एकाकडे स्टेअरिंग, एकाकडे गिअर, एकाकडे ब्रेक, एकाकडे हॉर्न, एकाकडे दिवे. प्रत्येक जण आपापल्या घरी. या खेळात कुणी कुणाला गोळ्या घालत नाही. पाच माणसांचं एकमत व्हायचं, हीच हाणामारी पुरेशी असते. वैजूच्या संघात स्टेअरिंगवर नफिसा मुलाणी होती. तिचं शिवणकामाचं दुकान होतं आणि मशीनवर तिरकी शिवण सरळ करणारा तिचा हात ट्रकलाही चालायचा. गिअरवर सुलभाकाकू शिरगावकर, निवृत्त मुख्याध्यापिका. हॉर्न आणि दिवे तासगावच्या जुळ्या भावांकडे. त्यांना वेगवेगळं ओळखायची वेळ कधी आली नाही, कारण ते बोलायचे एकदमच. यातला एक जण पूर्वी दिवसाला सोळा तास खेळायचा. त्याला पट्ट्यानंच माणसांत आणलं होतं, हेही इथं सांगितलं पाहिजे.

आणि ब्रेक? ब्रेक वैजूच्या पप्पांचा होता.

दिनकर पोवार शिरोलीच्या फाउंड्रीत फिटर. पहिली पाळी संपवून आले, हातपाय धुतले की चार वाजता ब्रेकवर. त्यांचे दोन नियम होते. पहिला नवव्या वळणाचा. घाटातलं नववं वळण सगळ्यांत वाईट, निम्मे ट्रक तिथूनच दरीत जायचे. तिथं पप्पा ब्रेकवर बोट ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटायचे, “हळू... अजून हळू... आता सोड.” दुसरा नियम खेळ संपल्यावरचा: “गाडी खाली आली, इंजिन बंद.” दिवसाला एक उतार. जिंकलो म्हणून परत चढायचं नाही, हरलो म्हणून तर मुळीच नाही. मग उठून चहा. पप्पांना हे सांगायला कुठलाही पट्टा लागला नव्हता.

सात महिन्यांपूर्वी, चैत्रात, पाळीवरच त्यांचं हृदय थांबलं. तेराव्यानंतर नफिसाचा फोन आला.

“वैजू, ब्रेक मोकळा आहे गं. आम्ही चौघं रोज दरीत चाललोय.”

“मग जावा की,” वैजू म्हणाली.

“जातोय. पण तू आलीस तर पाचजणं जाऊ.”

वैजू गेली. घरात ती आणि आई दोघीच. दोघीही पप्पांचं नाव काढायच्या नाहीत. हिनं काढलं तर ती रडेल आणि तिनं काढलं तर ही, म्हणून दोघी मिळून भाजीवर बोलायच्या. सात महिन्यांत त्यांनी दोडक्याबद्दल जेवढं बोलून घेतलं तेवढं कृषी विद्यापीठातही झालं नसेल. वैजूला दिवसभरात खरं बोलता यायचं ते चार ते पाच. पप्पांच्या जागेवर बसून, पप्पांना ओळखणाऱ्या चार माणसांशी.

पट्टा पहिल्याच आठवड्यात दोनदा तांबडा झाला. दोन्ही वेळा नवव्या वळणावर. तिसऱ्यांदा झाला असता तर नव्वद दिवस तो एक तासही गेला असता, वर दिवाळीतल्या राज्य स्पर्धेची पात्रता फेरी बुडाली असती.

वैजूनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी ती म्हशीकडे गेली.

यात वेडेपणा किती आणि व्यवसाय किती, हे ठरवणं अवघड आहे. वैजू सकाळी पशुवैद्यकीय दवाखान्यात सहायक होती. गाई-म्हशींची नाडी शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूला लागते, हे तिला तोंडपाठ होतं. तिथली कातडी उघडी असते, हेही. शिवाय म्हशीला घाम जेमतेम येतो. म्हणून तर ती उन्हाळ्यात डबक्यात जाऊन बसते. म्हणजे यंत्राच्या लेखी जगात म्हशीइतकं निर्विकार कुणीच नाही. अडचण एकच. पट्टा दीड मिनिटापेक्षा जास्त वेळ कातडीपासून सुटला की तक्रार जायची. वैजूनं आठव्या सेकंदाला दार, वीसला गोठा, चाळीसला शेपटी आणि सत्तरला बक्कल गाठलं.

“काय बांधालीस गं?” वैरण टाकता टाकता हिंदुरावांनी विचारलं.

“नाडीचं यंत्र आहे, मामा.”

“भागी आजारी हाय व्हय?”

“नाही ओ. लई बरी आहे. तेच सिद्ध करायचंय.”

भागीरथीनं मागं वळून पाहिलं आणि रवंथ पुढं चालू ठेवला. पट्टा हिरवा झाला. असा हिरवा की लागवडीच्या भाताला लाज वाटावी. भिंतीपलीकडे वैजूचा खेळ उघडला, कारण पट्टा तीस फुटांच्या आत असला की यंत्राचं समाधान व्हायचं.

महिन्याभरानं पहिला अहवाल आला. ‘आपण रोज पहाटे नियमित फेरफटका मारता.’ ते खरं होतं. हिंदुराव भागीला रोज दुधाच्या कट्ट्यावर न्यायचे आणि गिऱ्हाइकाच्या तांब्यात समोर धार काढून द्यायचे. ‘आपण जलविहार करता.’ नदीवर धुणं. ‘आपण दिवसातले सुमारे आठ तास शांत चिंतनात घालवता, हे विशेष कौतुकास्पद आहे.’ ते तास भागी कशात घालवते, हे वर आलेलंच आहे. नवरात्रात ‘आदर्श खेळाडू’ असं सोनेरी अक्षरांतलं प्रमाणपत्रही आलं. हिंदुरावांना सगळा प्रकार तोवर समजला होता. त्यांनी ते फ्रेम करून गोठ्यात लावलं.

“ज्याचं त्याला,” ते म्हणाले.

संघात हे फक्त नफिसा आणि सुलभाकाकूंना ठाऊक होतं. काकूंनी आयुष्यभर मुलांच्या कॉप्या पकडल्या होत्या. वैजूनं हळूच सांगितल्यावर त्यांचा वर्गातला आवाज लागला.

“वैजयंता, हे चूक आहे.”

“हो, काकू.”

“शुद्ध फसवणूक आहे.”

“हो, काकू.”

“माझाही पट्टा बांधशील का गं? सून घरी आली की पिवळा होतो.”

“काकू, शेपटी एकच आहे.”

मग पाडवा आला.

कोल्हापुरात पाडव्याला म्हशींचा मान असतो. शिंगं रंगतात, अंगाला तेल लागतं, गळ्यात कवड्यांच्या माळा येतात. आणि मग खरी गंमत. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर पुढं सुटतो आणि त्याची म्हैस, दोर नाही काही नाही, केवळ मालकाच्या ओढीनं मागं धावते. हिंदुराव एकसष्टाव्या वर्षीही हे करायचे. वैजू पट्टा दुपारीच सोडून आणणार होती. ती पोहोचेपर्यंत हिंदुरावांनी भागीला सजवून रस्त्यावर नेलं होतं. शेपटीकडचा पट्टा फारच उघडाबोडका दिसत होता, म्हणून त्याला लाल लोकरीचा गोंडाही लावला होता.

मोटारसायकल धडाडली. भागीरथी सुटली. सहा महिने साऱ्या राज्याला शांततेचा धडा घालून देणारं ते हृदय पाच मिनिटांत तिपटीनं धावू लागलं.

काळजी पथकाच्या गाडीत लाल दिवा लागला. पडद्यावर उमटलं: ‘आदर्श खेळाडू कोसळत आहे. खेळाडू ताशी तीस किलोमीटर वेगाने पळत आहे. बहुधा स्वतःपासून.’

पथकाचे प्रमुख डॉ. सौमित्र कर्णिक पुण्याहून वर्षभरापूर्वी आले होते. सज्जन माणूस, कामाला वाघ. जे लोकांना घालायला लावतो ते आपण आधी घालायचं, असा त्यांचा बाणा; त्यामुळे पथकातल्या प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा आणि तो त्यांच्या सरकारी टॅबलेटला जोडलेला. गाडीच्या भोंग्याऐवजी बासरी वाजायची, रुग्ण दचकू नये म्हणून. तर ती बासरी वाजवत गाडी हजारभर माणसांच्या मिरवणुकीत घुसली आणि संकेताचा माग काढत भागीरथीच्या पाठीमागे येऊन थांबली. भागी नुकतीच उभी राहिली होती, फुसफुसत. आणि तिच्या शेपटीखालून एक मंजुळ बाई बोलत होती.

“दीर्घ श्वास घ्या. तुम्ही एकट्या नाही आहात.”

गर्दीतली हलगी थांबली.

“दूर व्हा, तिला हवा येऊ द्या!” डॉक्टर पुढं झाले. “वैजयंता पोवार कुठे आहेत?”

“वैजू व्हय? ती काय, तिकडं भेळ खालीया,” हिंदुराव म्हणाले. “ही भागीरथी.”

“अहो, पण संकेत इथून येतोय.”

“मग हिलाच विचारा. माझ्याशी लई बोलत न्हाई ती.”

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. गोंडा पाहिला. पट्टा पाहिला. त्याच वेळी भागीरथीनं शेपूट उचलली आणि गेल्या सहा महिन्यांच्या शासकीय धोरणावर आपलं मत दिलं.

डॉक्टरांच्या मनगटावरचा पट्टा पिवळासुद्धा न होता थेट तांबडा झाला. हातातला टॅबलेट मंजुळ आवाजात म्हणाला, “तुमचं काम तुमच्या आरोग्याला घातक ठरत आहे. अठ्ठेचाळीस तास विश्रांती घ्या,” आणि बंद पडला. तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. एवढ्यात वैजू हातात भेळेचा कागद घेऊन पोहोचली.

“म्हैस माझी नाही, पट्टा माझा आहे,” ती म्हणाली. “तिला काही बोलू नका.”

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी डॉक्टर वैजूच्या दारात उभे, अंगावर नवा शर्ट आणि हातात कागद. टॅबलेट बंद असल्यानं ते आयुष्यात पहिल्यांदाच हातानं अर्ज लिहून आले होते; अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नव्हतं. आईनं त्यांना बसायला खुर्ची आणि खायला चार करंज्या दिल्या. भाऊबीजेला आलेल्या बाप्याला रिकाम्या तोंडी पाठवायचं नाही, मग तो नोटीस घेऊन का आलेला असेना.

“इथे सही करा,” डॉक्टर म्हणाले. “तुम्हाला खेळाचं व्यसन आहे आणि त्यापायी तुम्ही फसवणूक केलीत, एवढं मान्य केलं की प्रकरण मिटतं. नव्वद दिवसांची काळजी योजना. नाहीतर तीन वर्षं बंदी.”

“फसवणूक केली, ते लिहा. व्यसन खोडा.”

“ते वेगळं करता येत नाही. एकच चौकट आहे.”

“मग सही नाही.”

“वैजयंता, तुम्ही दोनदा तांबड्यात गेलात. यंत्र खोटं बोलत नाही.”

“खरंच बोलतंय की. मी कधी म्हणालो खोटं बोलतंय?” कोल्हापुरात पोरीही ‘आलो-गेलो’च करतात, आणि चिडल्यावर तर नक्कीच. “मी हललो होतो, आतनं. पण मी रोज एक तास खेळतो, सहा वाजता जेवण करायला लागतो, सकाळी सातला कामावर असतो. सोळा तास खेळणाऱ्याला तुम्ही उठवलंत, चांगलं केलंत. मला कशाला उठवताय? मी तर उठलेलाच आहे.”

“मग तांबडा का होतो? नेमकं काय होतं तुम्हाला?”

पट्ट्यानं तिला कितीदा तरी ‘दीर्घ श्वास घ्या’ सांगितलं होतं. ‘काय होतं’ असं एकदाही विचारलं नव्हतं.

“नववं वळण येतं,” ती म्हणाली. “तिथं पप्पा बोलायचे. आता तिथं कुणी बोलत नाही. बास, एवढंच होतं.”

स्वयंपाकघरात आईच्या हातातली पळी थांबली. आत फक्त तेल तडतडत राहिलं.

डॉक्टरांनी करंजी खाली ठेवली. “मला वाईट वाटतं,” ते म्हणाले आणि ते खरंच होतं, मनगट पिवळं झालं. “पण मग खेळणंच टाळलं तर? त्रास होतो तिथे जायचंच कशाला?”

“घरात पण होतो की. घर बंद करताय?”

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. “उद्या अंतिम सामना आहे. स्पर्धेत एका मनगटापायी पाच जणांचा ट्रक मध्येच बंद पडू नये, म्हणून तिथं यंत्र नुसता रंग दाखवतं. थांबवायचं बटण अधिकाऱ्याच्या टॅबलेटवर असतं. म्हणजे माझ्या. तो उद्या पाच वाजून दहा मिनिटांनी उघडेल. त्यानंतर तुम्ही तांबड्यात गेलात तर मला दाबावं लागेल, आणि बंदीचा आदेशही त्याच बटणाबरोबर जाईल.”

“दाबा,” वैजू म्हणाली. “मी माझ्याच मनगटावर बांधून येतो. म्हशीला सुट्टी आहे.”

जाताना आईनं त्यांना उरलेल्या करंज्या डब्यातून दिल्या. वैजूशी ती दिवसभर भोपळ्याबद्दल बोलली.

अंतिम सामना शाहूपुरीतल्या एका सभागृहात होता. पाचही जण पहिल्यांदाच एका ओळीत, खांद्याला खांदा लावून बसले. जुळे भाऊ प्रत्यक्षात अजिबात एकसारखे दिसत नव्हते, ही त्या दिवसाची पहिली बातमी. समोर भिंतीएवढा पडदा, त्यावर ट्रक, आणि खाली प्रत्येकाच्या नावासमोर त्याच्या पट्ट्याचा रंग, साऱ्या सभागृहाला दिसेल असा. पहिल्या रांगेत कडेला डॉक्टर, मांडीवर काळा टॅबलेट.

नाशिकचा संघ आधी उतरला. अकरा मिनिटं, चार सेकंद. वैजूच्या संघाचा ट्रक पाच वाजून दोन मिनिटांनी सुटला.

“दुसरा टाकू?” काकू.

“टाका.”

“डावीकडं दगड.” जुळ्यांनी एकदम सांगितलं आणि दोघांनीही हॉर्न वाजवल्यासारखं तोंड केलं.

सहावं वळण. सातवं. वैजूचा रंग पिवळा. आठव्याला नफिसानं ट्रक दरीच्या काठावरून असा नेला की मागच्या रांगेत कुणीतरी आईचं नाव घेतलं. घड्याळात पाच दहा. डॉक्टरांच्या मांडीवर उजेड पडला.

नववं वळण समोर आलं आणि वैजूचं मनगट तांबडं झालं.

पडद्यावर तिचं नाव भडक पेटलं. सभागृहात कुजबुज वाढली. डॉक्टरांच्या टॅबलेटवर बटण आलं: ‘थांबवा’. वैजूला ते दिसत नव्हतं, पण माहीत होतं. तिचं बोट ब्रेकवर होतं, समोरचा रस्ता पाण्याखाली गेल्यासारखा हलत होता. सात महिने ती या वळणावर दात आवळून गप्प बसली होती, आतलं कुणाला कळू नये म्हणून. आता ते भिंतीएवढ्या पडद्यावर दिसतच होतं. मग कशाला गप्प बसायचं?

“हळू,” ती मोठ्यानं म्हणाली.

नफिसाचा हात क्षणभर थबकला. काकूंनी मान वळवली नाही, पण त्यांचे ओठ हलले.

“अजून हळू...”

ट्रकचं मागचं चाक काठावरून घसरलं, हवेत फिरलं, पुन्हा मातीला लागलं.

“आता सोड!” हे एकट्या वैजूचं नव्हतं. पाचही जण ओरडले होते. जुळे नेहमीप्रमाणे एकदम, काकू वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात. ट्रक वळला. आणि पडद्यावर नफिसा तांबडी झाली, काकू तांबड्या झाल्या, हॉर्न तांबडा, दिवे तांबडे. पाच नावं, पाच निखारे. दिनकर पोवारांच्या माघारी चौघांनीही सात महिने तेच गिळलं होतं. फक्त त्यांना ब्रेकवर बसावं लागलं नव्हतं, म्हणून पट्ट्यांना पत्ता लागला नव्हता.

डॉक्टरांच्या टॅबलेटवर आता ‘सर्वांना थांबवा’ असं लुकलुकत होतं. त्यांनी नकार दिला. टॅबलेटनं कारण विचारलं. डॉक्टरांनी टाइप केलं: ‘दुःख. आजार नाही.’

‘हा पर्याय उपलब्ध नाही,’ टॅबलेट म्हणाला. ‘कृपया थांबवा.’

डॉ. सौमित्र कर्णिक उठले, टॅबलेट खुर्चीवर पालथा ठेवला आणि त्याच्यावर बसले. पुढचं सगळं त्यांनी तसंच, ताठ बसून पाहिलं.

ट्रक खाली आला. अकरा मिनिटं, चार सेकंद.

“बरोबरी!” निवेदक माइकवर किंचाळला. “मंडळी, आता निर्णायक उतार! दोन्ही संघ पुन्हा वर!”

सभागृह टाळ्यांनी उसळलं. वैजूनं डोळे पुसले, कानांवरचा हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली आणि ती उभी राहिली.

“ओ ताई, कुठं? अजून एक उतार आहे!”

“गाडी खाली आली,” वैजू म्हणाली.

“अहो, पण चषक! फक्त अकरा मिनिटं! अशानं तुमचा संघ बाद होईल!”

वैजूनं आपल्या माणसांकडं पाहिलं. हा निर्णय तिच्या एकटीचा नव्हता. नफिसानं खुर्ची मागं सरकवली. काकूंनी चष्मा पर्समध्ये ठेवला. जुळे उठले, या वेळी मात्र एक जरा आधी उठला, पूर्वी सोळा तास खेळणारा.

“इंजिन बंद,” तो म्हणाला. एकटाच.

दुसऱ्या क्रमांकाचा चषक बराच लहान होता. काकूंनी तो पिशवीत टाकला आणि सगळे चहाला गेले.

वैजू घरी पोहोचली तेव्हा आई चहाच्या दोन कपबश्या घेऊन उंबऱ्यात बसली होती. सामना तिनं हिंदुरावांच्या मोबाइलवर, गोठ्यात बसून पाहिला होता. भागीरथी शेजारी होती. ती शेवटपर्यंत शांत राहिली म्हणे.

वैजू शेजारी टेकली. मनगटावरून मंजुळ आवाज आला.

“आजचा दिवस जड गेलेला दिसतो. तुम्ही ठीक आहात ना?”

“नाही,” वैजू म्हणाली.

“खेळ कायमचा बंद करायचा आहे का?”

“नाही,” वैजू म्हणाली.

आईनं चहा बशीत ओतला. फुंकर मारली. प्यायला नाही.

“नवव्या वळणाला,” तिनं विचारलं, “ते रोजच तसं म्हणायचे व्हय गं?”

वैजूनं सांगायला सुरुवात केली. पट्टा पिवळा झाला, मग तांबडा झाला, मग दीर्घ श्वास घ्यायला सांगू लागला. आईनं लेकीचं मनगट हातात घेतलं, बक्कल सोडलं, पट्टा उंबऱ्यावर ठेवला आणि त्याच्यावर दुसरी, रिकामी बशी पालथी घातली.

“हं,” ती म्हणाली. “मग?”

बशीखाली दीड मिनिट झालं, दोन झाली, दहा झाली. मोजायला कुणाला सवड नव्हती.